रक्ताचा की खोलीचा

पडद्यावर एक दार दिसत होतं. निळं, खालच्या बाजूला रंग उडालेलं, आणि मधोमध खिळ्यांनी ठोकलेली पत्र्याची पिवळी पाटी. पाटीवर ठसठशीत काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: वारंवार बाधित कुटुंब. दारात एक बाई उभी होती. ती कोण हे कळू नये म्हणून तिचं तोंड धूसर केलं होतं. पण एक पाय दुसऱ्या पायाच्या पंजावर ठेवून, खांदा चौकटीला टेकवून उभं राहायची ती ढब मुंगी जन्मापासून बघत आली होती. तोंड पुसून काय होणार होतं? ती तिची ताई होती.

मुंगी हे तिचं घरचं नाव. लहानपणी बराकीच्या पायरीवर बसून तासन् तास मुंग्यांच्या रांगा मोजायची, म्हणून बापाने ते नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की आई शाळेतल्या बाईंसमोरही तिला त्याच नावाने हाक मारायची. आता संस्थेत सगळे तिला मॅडम म्हणायचे. माणसांच्या पोटातले जंत कसे वाढतात, कसे पसरतात, गोळी दिली तर किती घटतात आणि पुन्हा किती दिवसांत भरून येतात, याचं गणित मांडणं हे तिचं काम. रबराच्या मळ्यांवरचे कामगार हा तिचा अभ्यासाचा विषय होता, आणि त्यांतला एक मळा तर तिचा स्वतःचाच. बाप तिथे झाडांना चिरे पाडून चीक गोळा करायचा. ताईचा नवरा अजून तेच करत होता.

व्यासपीठावर कंपनीचा डॉक्टर बोलत होता. नीटनेटका माणूस, आवाजही गोड.

"संशोधन कपाटात धूळ खात पडतं, अशी नेहमी तक्रार असते," तो म्हणाला. "आम्ही मात्र या संस्थेच्या मॉडेलवर लगेच अंमल केला. मोजक्या कुटुंबांच्या पोटात मळ्यातले बहुतेक जंत असतात. गोळी दिली की ते पडतात, आणि वर्षभरात त्याच कुटुंबांत पुन्हा भरतात. ही कुटुंबं आम्ही हुडकली आणि त्यांच्या दारावर खूण केली. साधा, स्वस्त उपाय आहे."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या सरांनीही टाळ्या वाजवल्या. सर म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, तिला हाताला धरून या विषयात आणलेले.

मुंगी उभी राहिली. हात वर करायचं भानही तिला राहिलं नाही.

"ही पाटी कुणी ठरवली?"

"तुम्हीच, मॅडम," डॉक्टर हसून म्हणाला, आणि सभागृहात हशा पिकला. "म्हणजे तुमच्या मॉडेलने. ज्यांची प्रतिकारशक्ती उपजतच कमी आहे अशी कुटुंबं वेगळी काढा, असं सारांशात स्वच्छ लिहिलंय."

"मी असं लिहिलेलं नाही."

"खाली तुमचं नाव आहे."

"आणि पाटी लावल्यावर त्या माणसांचं काय होतं?"

"विशेष काही नाही. त्यांची मुलं पाळणाघरात घेत नाही. पाळणाघरात, चिकाच्या शेडमध्ये त्यांना काम देत नाही, बाहेरचं देतो. नळावर त्यांची वेळ शेवटची. बाकीच्यांना लागण नको, एवढाच हेतू."

"जंत एकमेकांना हात लावून लागत नाहीत," ती म्हणाली. "हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?"

सरांनी तिचा कोपर धरला आणि माईकशिवायच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उरलेले प्रश्न चहाच्या वेळी घेऊ."

चहाच्या वेळी ती चहाला गेलीच नाही. सरांच्या खोलीत जाऊन बसली. सर आले तेव्हा तिच्या समोर तो सारांश उघडा होता. दोन पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला, वर कंपनीचं बोधचिन्ह.

"माझं वाक्य कुठे गेलं?" तिने विचारलं.

"कुठलं वाक्य?"

"तुम्हाला माहितीये कुठलं. मी लिहिलं होतं, या कुटुंबांत जंत पुन्हा भरतात याचं कारण एक तर त्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, किंवा त्यांना लागणच जास्त होते. आणि आपल्याकडच्या आकड्यांवरून यातलं कुठलं खरं, ते सांगता येत नाही. तुम्ही 'एक तर'च्या पुढचं अर्धं ठेवलंत आणि बाकीचं कापलंत."

सर खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसायला लागले. अडचणीच्या वेळी त्यांचा चष्मा नेहमी मळलेला असायचा.

"अगं, तुझा अहवाल एवढा लठ्ठ. कोण वाचतं? धोरण ठरवणाऱ्या माणसाला एक ओळ लागते. 'सांगता येत नाही' ही काही ओळ झाली का?"

"खरी ओळ तीच होती."

"प्रतिकारशक्तीचा मुद्दा चुकीचा आहे असं तरी तू छातीठोक सांगू शकतेस का?"

"नाही. आणि बरोबर आहे असं तुम्हीही सांगू शकत नाही. सर, हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलंत. दोन आकड्यांचा गुणाकार बारा आला, तर ते तीन आणि चार होते की दोन आणि सहा, हे बारावरून कळत नाही. आपल्याला फक्त बारा दिसतात. शौचातली जंतांची अंडी मोजली, बारा मिळाले. त्यातलं रक्त किती आणि जमीन किती, हे कुणी मोजलं?"

"बरं, मग पुढच्या टप्प्यात मोजू की."

"पुढच्या टप्प्यात?" तिचा आवाज चढला. "त्या फोटोतली बाई माझी सख्खी बहीण आहे. तिच्या दारावर माझ्या नावाची पाटी ठोकलीये, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

सरांचा हात थांबला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, हे तिला दिसलं. पण त्यामुळे तिचा राग तसूभरही उतरला नाही. उलट आणखीच भडकला, कारण पुढच्याच क्षणी सर म्हणाले, "मग तू या प्रकरणात बोलणंच बरोबर नाही. लोक म्हणतील, घरचं आहे म्हणून बोलते. चार दिवस रजा घे."

तिने रजा घेतली. मात्र सरांनी सुचवली होती त्या कारणासाठी नाही.

मळ्यावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. फाटकापासूनच तो वास सुरू झाला, आंबट चीक आणि धूर यांचा. चिकाचे थिजवून लाटलेले तक्ते धुरीघरात टांगून वाळवतात, त्याचा. हा वास शाळेत तिच्या कपड्यांना यायचा आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या मुली नाक मुरडायच्या. टेकडीच्या उतारावर बराकींच्या दोन रांगा होत्या. वरची रांग कोरडी, उन्हातली. खालची रांग झाडांच्या सावलीत, आणि तिच्या मागून उघडं गटार. सगळ्या बराकींच्या संडासांची टाकी खालच्या टोकाला होती. ती भरली की गटारातून वाहायची, आणि नळाकडे जाणारी वाट कायम चिखलाची असायची. ताईचं बिऱ्हाड खालच्या रांगेत, शेवटून दुसरं. मुंगी सरळ तिकडे गेली.

दारावर पाटी नव्हती. तिला वाटलं, काढली असेल. चला, निदान एवढी तरी लाज वाटली. तिने कडी वाजवली. दार उघडलं ते काटेवाल्या काकांनी. मळ्यावर आणलेला चीक तोलून घेणारे, त्यांना लहानपणापासून सगळे याच नावाने ओळखायचे. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, चेहरा पार फिकुटलेला.

"अगं मुंगी, तू? ताईकडे आलीस होय? ती आता वर असते."

"वर म्हणजे?"

"आमच्या खोलीत. माझ्याच्याने त्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा तुझ्या भाऊजींनी आपणहून खोली बदलून दिली. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. देवमाणूस आहे. बस ना, पाणी देतो."

बोलताना त्यांना धाप लागत होती. आतून काकूंनी हाक मारली, तीही पडल्या जागेवरूनच, क्षीण आवाजात. "हिलाही हल्ली उठवत नाही," काका म्हणाले. "वय झालं, दुसरं काय."

मुंगी दारातच उभी राहिली. तिचं डोकं भराभर चालू लागलं होतं. डॉक्टरने पाट्या लावल्या त्या पहिल्या दोन तपासण्यांवरून. त्या दोन्ही वेळी ताई खाली राहत होती. मग खोली बदलली. पाटी मात्र माणसांच्या मागे वर चढली.

वरच्या रांगेत ते निळं दार होतं, त्यावर पाटी, आणि दारात ताई. बहिणीला बघून तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"आलीस? ये. चप्पल घालूनच ये हवं तर आत. आमच्या घरात जंत आहेत."

"ताई, असं बोलू नकोस."

"मी कुठे बोलते? दार बोलतंय. वाच की, शिकलेली आहेस."

आत भाऊजी चिरे पाडायच्या सुरीला दगडावर धार लावत होते. त्यांनी मान हलवली आणि सुरीवर पाण्याचा हात फिरवला. कोपऱ्यात भाची भिंतीला टेकून बसली होती. वीस वर्षांची पोर. तिला लहान मुलांचं भारी वेड. पाळणाघरात लागली तेव्हा तिने मावशीला आनंदाने फोन केला होता.

"तिला घरी बसवलं," ताई म्हणाली. "का, विचार. डॉक्टर म्हणाला, तुझ्या रक्तातच दोष आहे. पोरीला तोंडावर सांगितलं, बाकीच्या बायांसमोर. मला शेडमधून काढून गवत उपटायला घातलं. नळावर आम्ही शेवटी. का म्हणून विचारलं तर त्याने कागद काढून दाखवला. म्हणाला, तुमच्याच मळ्याच्या मुलीने लिहिलंय. तुझं नाव होतं. मी वाचलं. मला तेवढं वाचता येतं."

"मी असं लिहिलं नव्हतं. त्यांनी अर्धं कापलं."

"मग तू काय केलंस?"

कापल्याचं मुंगीला परवाच कळलं होतं, हे खरं. पण सारांश छापून येऊन टेबलावर पडल्याला महिने झाले होते आणि तिने तो उघडून पाहिला नव्हता, हेही खरं. ती खाली बसली आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

"आता हे कशाला?" ताई म्हणाली.

"तू मला हवं तेवढं बोल. पण आधी मला एक गोष्ट बघू दे."

तिसरी तपासणी नुकतीच होऊन गेली होती. तिचे आकडे आले होते, पण त्यांतून कुणाचा आकडा कुठला, हे तिने पाहिलं नव्हतं. तिच्या कामात नावं लागतच नसत, आणि या मळ्याची नावं तर ती मुद्दाम टाळायची. आज तिने ती यादी पहिल्यांदा उघडली. ताई, भाऊजी, भाची: पहिल्या वेळी भरमसाट अंडी, दुसऱ्या वेळी पुन्हा तेवढीच. तिसऱ्या वेळी जवळजवळ काहीच नाही. मग काटेवाले काका आणि काकू. दोन्ही वेळा स्वच्छ. तिसऱ्या वेळी इतकी अंडी, की तिने आकडा दोनदा वाचला. ते वय नव्हतं. काकांचं रक्त पोटातले जंत पीत होते, आणि कुणी त्यांच्याकडे बघायलाही गेलं नव्हतं, कारण त्यांचं नाव स्वच्छ लोकांत होतं.

तिने स्क्रीन ताईकडे वळवली. "तुमच्यात दोष असता, तर तो तुमच्याबरोबर वर आला असता. आला नाही. तिथेच राहिला. तुम्ही निघालात आणि त्याने काकांना धरलं."

ताईने आकड्यांकडे पाहिलंच नाही. ती बहिणीच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे तो खोलीचा दोष आहे."

"खोलीमागच्या जमिनीचा. जंताचं पिल्लू ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरतं. पण एका घरावरून मी काही सिद्ध करू शकत नाही. मला आणखी घरं हवीत. कोण कुठून कुठे राहायला गेलं, ते सगळं."

"तुला कुणी सांगणार नाही," ताई म्हणाली. "तुझं नाव सगळ्यांना ठाऊक आहे." मग ती उठली, पायात चपला सरकवल्या. "चल. मी विचारते. तू नुसती लिही."

दुसरा सगळा दिवस दोघी दारोदार फिरल्या. ताई कडी वाजवायची, आत जायची, "हिला सांगा, तुम्ही या खोलीत कधी आलात," एवढंच म्हणायची. मुंगीशी एक शब्द बोलत नव्हती. काही घरांत पाणी मिळालं, काही घरांत शिव्या. एका म्हातारीने मुंगीच्या हनुवटीला धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, नीट न्याहाळलं, आणि "तुझा बाप चांगला होता" असं म्हणून दार लावून घेतलं. मुंगीने ते ऐकून घेतलं. तिला राग यायला हवा होता, पण त्या वेळी तिचा सगळा राग दुसरीकडे गुंतलेला होता.

संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. लग्न होऊन, मुलं वाढून, छप्पर गळून बऱ्याच कुटुंबांनी मधल्या काळात खोल्या बदलल्या होत्या. जो खालून वर गेला त्याचे जंत घटले. जो वरून खाली आला त्याला नव्याने भरले. खालच्या रांगेत जो गटाराला जितका जवळ, तितके त्याच्या पोटात जास्त. प्रतिकारशक्तीचा वाटा काही तरी असेलच, माणसामाणसांत फरक असतोच. पण या मळ्यावर त्याचा ठिपका गटारापुढे दिसतसुद्धा नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती मॅनेजरच्या कचेरीत गेली. डॉक्टर होता, आणि तिने कळवल्यामुळे सरही येऊन बसले होते. तिने कागदावर दोन रांगा काढल्या, बाण काढले, खोल्या दाखवल्या. आवाज चढू दिला नाही. गुणाकाराचं उदाहरण मॅनेजरला लगेच समजलं. हिशेबाचा माणूस होता.

"म्हणजे पाट्या चुकीच्या दारांवर आहेत," तो म्हणाला.

"पाट्या असणंच चुकीचं आहे. गटार बंदिस्त करा. टाकी उपसा, खालच्या रांगेतली वाट उंच करा, आणि खालच्या सगळ्यांना आजच्या आज गोळ्या आणि रक्तवाढीचं औषध द्या. काटेवाले काका-काकूंना आधी दवाखान्यात न्या."

"गटाराचं बघू. ते पुढच्या वर्षीच्या कामात बसवावं लागेल," मॅनेजर म्हणाला. "औषधं डॉक्टर देतील."

डॉक्टरने मान डोलावली. "मॅडमचं म्हणणं मला पटलं. फार मोलाची सुधारणा आहे." त्याने वहीत टिपून घेतलं. सरही खुलले. म्हणाले, "यावर एक छान शोधनिबंध होईल."

तिला वाटलं, जिंकलो. त्या रात्री ताईच्या घरी ती पोटभर जेवली.

सकाळी खिळे उपटल्याचा आवाज आला. वरच्या रांगेतल्या पाट्या काढत होते. ताईच्या निळ्या दारावर फिकट चौकोन उरला. मुंगी बाहेर आली, तर दोन माणसं त्याच पाट्या हातात घेऊन पायऱ्या उतरत होती. खालच्या रांगेत पोचल्यावर त्यांनी पहिली पाटी बिनपाटीच्या पहिल्या दारावर धरली आणि खिळा ठोकला. मग दुसरी. काटेवाल्या काकांच्या दाराशी ते आले तेव्हा काका काठी टेकून बाहेर उभे होते, आणि त्या माणसांना जागा व्हावी म्हणून बाजूला सरकले.

तिने आणलेल्या पुराव्याचा त्यांनी एवढाच उपयोग केला होता. गणित दुरुस्त झालं होतं आणि पाट्या बरोबर दारांवर गेल्या होत्या.

ती धावत खाली गेली. त्या माणसांच्या हातातली पाटी हिसकावली. ते म्हणाले, "बाई, आम्हाला सांगितलंय ते आम्ही करतो." तिला रडू फुटलं, रागाचं रडू, नाकातोंडातून वाहणारं, आणि ते दिसतंय याचा तिला आणखी राग आला. तेवढ्यात मागून ताई आली. तिच्या हातात भाऊजींची सुरी होती. मुंगीला क्षणभर धडकी भरली. पण ताई माणसांकडे वळलीही नाही. काकांच्या दाराशी गेली, सुरीचं टोक पाटीच्या कडेखाली घातलं आणि खिळ्यासकट उचकटून काढली. मग शेजारचं दार. मग त्याच्या पुढचं.

"अगं, तुझी तर काढली," काकू आतून म्हणाल्या. "तू कशाला यात पडतेस?"

"माझी काढली म्हणूनच," ताई म्हणाली.

तेवढं होईपर्यंत वरच्या रांगेतल्या बायका खाली उतरल्या होत्या. शेडवर जायची वेळ होती. कुणी पुढारीपण केलं नाही, कुणी भाषण दिलं नाही. एकीने दुसरीकडे पाहिलं, आणि शेडकडे कुणीच वळलं नाही. पुरुष झाडांना चिरे पाडून आले, तर चीक गाळायला, थिजवायला माणूस नाही. बादल्यांतला चीक दुपारपर्यंत आंबून गोळा झाला. दुसऱ्या दिवशी पुरुषांनी चिरेच पाडले नाहीत. मॅनेजरने निरोप पाठवला, मग डॉक्टरला पाठवलं, मग स्वतः आला. बायका गटाराच्या काठावर बसल्या होत्या. त्याला तिथेच उभं राहून बोलावं लागलं, चकचकीत बूट चिखलात रुतवून.

"पुढच्या वर्षी करतोच आहे," तो म्हणाला.

"मग पुढच्या वर्षी येतो कामावर," ताई म्हणाली.

मुंगी मागे उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही संशोधक आहात. तुम्ही यांना समजवा."

"समजावलं," ती म्हणाली. "त्यांना समजलं. तुम्हाला समजेना, म्हणून त्या इथे बसल्यात."

आठवडाभराने खोदकाम सुरू झालं. टाकी उपसली, गटारावर फरशा पडल्या, नळापर्यंत दगडी वाट झाली. पाट्या पुन्हा कुणी लावल्या नाहीत. काका-काकूंना औषधं सुरू झाली. काकांच्या तोंडावर हळूहळू रंग आला; काकूंना उशीर झाला होता, त्या अजून भिंत धरून चालतात. डॉक्टरची बढतीवर दुसऱ्या मळ्यावर बदली झाली.

मुंगीने संस्थेला पत्र लिहिलं, की तो सारांश मागे घ्यावा. त्यांनी वार्षिक अहवालाच्या मागच्या एका पानावर, डोळे फाडून वाचावं लागेल अशा अक्षरांत, दुरुस्ती छापली. सरांनी तिला प्रकल्पातून काढलं, पण मोठ्या सौजन्याने. "तुझं मन यात फार गुंतलंय" असं म्हणाले. पुढे त्यांचा निबंध आला. राहण्याची जागा आणि जंतांचं प्रमाण, असा विषय. निबंध चांगला होता. त्यात तिचे बाण होते, तिची घरं होती, आणि शेवटी आभारांत तिचं नाव होतं. गटारावर बसलेल्या बायकांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तिथे लिहिलं होतं, व्यवस्थापनाने तत्परतेने उपाय केले.

भाचीला पाळणाघरात परत बोलावलं. ती गेली. पहिल्याच दिवशी एका आईने तिच्या कडेवरचं आपलं मूल हळूच काढून घेतलं. "तसं काही नाही गं," म्हणाली, आणि दुसरीकडे दिलं. भाची संध्याकाळपर्यंत थांबली, पाळणे पुसले, झाडलोट केली, आणि मग पुन्हा गेली नाही. आता ती बापाबरोबर भल्या पहाटे झाडांवर जाते. चांगला चिरा पाडते म्हणे, हात हलका आहे.

हे ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मुंगी संस्थेच्या जिन्यात उभी होती. तिने हातातली वही कठड्यावर आपटली, आणि तो आवाज ताईला फोनवर ऐकू गेला.

"आता कुणावर रागावलीस?"

"सगळ्यांवर. त्या आईवर. सरांवर. आणि तिने पाळणाघर का सोडलं, म्हणून तिच्यावरसुद्धा."

"तिला काही बोलू नकोस," ताई म्हणाली. "बाकीच्यांना बोल. आणि रविवारी ये. दुसऱ्या मळ्यावरच्या बाया येणार आहेत. त्यांच्याकडे तो डॉक्टर गेलाय. त्यांना तुझं ते बाराचं उदाहरण ऐकायचंय."

"मी आता प्रकल्पात नाही, ताई."

"बरं झालं. आता आधी कुणाला विचारायला नको."

मुंगी जिना उतरली, आणि मळ्याला आदल्या दिवशीच निघावं म्हणून खाली कचेरीत जाऊन शनिवारच्या रजेचा अर्ज मागितला.